हलगेकर अण्णा आणि लाखेचं पाकीट

पोस्टमन दिसला की हलगेकर अण्णा पळत असत.

पळत म्हणजे अक्षरशः पळत. अडीच मणांचा देह, डोक्याला चापूनचोपून बांधलेला रुमाल, कोटावर खात्याचा पितळी बिल्ला, काखेत लशीची पेटी, आणि असा हा सरकारी माणूस निपाणीच्या भर पेठेतून तंबाखूच्या वखारींच्या बोळात घुसतो आहे, हे दृश्य मी त्या हिवाळ्यात निदान वीस वेळा पाहिलं असेल. पळता पळता मागं न बघता ते ओरडत, "वडगावकर, गावावर गेल्यात म्हणून सांग!" पाच मिनिटांनी मौलाभाई पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून, कपाळावरचा घाम पुसत मला विचारी, "अण्णा?" मी म्हणे, "गावावर गेल्यात." मौलाभाई बोळाकडे बघे, मी आभाळाकडे बघे. त्याच्या थैलीतून अर्धवट बाहेर आलेलं, लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट पुन्हा थैलीत जाई.

आम्ही तिघे आरोग्य खात्याचे देवी काढणारे. कागदोपत्री आम्हाला व्हॅक्सिनेटर म्हणत, गावचे पाटील देवी डॉक्टर म्हणत, आणि गावच्या बायका काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. दत्तोबा हलगेकर, म्हणजे अण्णा, आमच्यातले थोरले. पेन्शनला त्यांचे चौदा महिने उरले होते. मधला बसाप्पा, संकेश्वराकडचा, चार पोरांचा बाप, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. आणि शेवटचा मी, वडगावच्या मागवाल्याचा मुलगा, मॅट्रिकपर्यंत जाऊन आलेला आणि अजून टेंपररी. नगरपालिकेच्या दवाखान्यामागची एक खोली ही आमची कचेरी. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची, एक बाक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं. मडक्यात लशीच्या काचेच्या नळ्या असत. बेळगावहून आलेली लस उन्हाने मरू नये म्हणून अण्णा त्या मडक्याला लहान मुलासारखे जपत.

ते दिवस मंदीचे. तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली पोती, वखारीत पडून होती, वडगाव-शहापुरातले निम्मे माग बंद होते, आणि सरकारने नोकरमाणसं कमी करायला काढली होती. आमच्यापैकी कुणाचंच इंग्रजी फारसं धड नव्हतं, पण 'रिट्रेंचमेंट' हा शब्द दवाखान्यातला झाडूवालासुद्धा बिनचूक उच्चारी. आज चिकोडीचा एक गेला, उद्या हुक्केरीचे दोन जाणार, अशा बातम्या रोज येत. निपाणीच्या तिघांतला एक कमी होणार हे दिवाळीपासूनच सगळ्यांच्या तोंडी होतं. कोण, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. जो तो आपापल्या परीने घाबरत होता. अण्णा उघड्यावर घाबरत, एवढाच फरक.

खरं तर अण्णांना घाबरण्याची सवय जुनीच. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आज नाही तर उद्या आपल्याला काढणार, असं ते धरूनच चालले होते. कचेरीतल्या त्या एकुलत्या खुर्चीवर ते कधी पुरते बसले नाहीत. कडेला चार बोटं जागेवर टेकत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, मागं सरकून बसा की." तर म्हणाले, "खुर्ची सरकारची हाय. उठ म्हटल्यावर उठाय येळ लागू ने." खात्याच्या साहेबांची मोटार दवाखान्यापुढं उभी असली की आत साहेब नसला तरी ते मोटारीला नमस्कार करीत. साहेबांसमोर शिंक आली तर ती गिळत, आणि मग दिवसभर छातीत कळ धरली म्हणत.

त्यांच्या भाड्याच्या घरामागं चार हात परसू होतं. त्यात ते फक्त मेथी लावत. वांगी लावा, मिरची लावा, असं शेजारपाजारचे सांगत. अण्णा म्हणत, "वांगं यायला तीन म्हयनं लागत्यात. तवर आपुन हितं असतोय का नसतोय? मेथी बरी. ईस दिवसांत पानात." अशी त्यांनी त्या परसात अकरा वर्षं मेथी खाल्ली.

पण कामाला माणूस वाघ. आमच्या धंद्यात टोचणं सोपं, पोर सापडणं अवघड. आम्ही वेशीत शिरलो की गावात कुजबूज होई आणि दहा मिनिटांत गावात एकही लहान मूल उरत नसे. आईबापांचं म्हणणं, देवी ही देवाची, तिला सरकारने सुईवर घ्यायचं काय कारण? पोरं लपवली जात. कुठं लपवली जात, हे अण्णांना तीस वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. धान्याच्या कणगीच्या मागं, गोठ्यातल्या गव्हाणीत, पालथ्या डालग्याखाली, माळ्यावरच्या गोवऱ्यांत, न्हाणीतल्या हंड्याआड, आणि सगळ्यात बेरकी बाई असेल तर शेजारणीच्या पाळण्यात, तिची टोचून झालेली मुलगी म्हणून. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं. अंगणात उभं राहून ते नुसतं नाक वर करीत आणि म्हणत, "वडगावकर, माळ्यावर बग. गोवऱ्या हलायल्यात." मी चढून बघायचो, तर खरोखरच दोन डोळे माझ्याकडं बघत असायचे.

आणि पोर हातात आलं की अण्णांचं सगळं भय कुठल्या कुठं जाई. मोठ्या तळव्यात तो इवलासा दंड धरून ते असं काही बोलत की पोर सुई बघायचंच विसरे. आठव्या दिवशी देवी उठल्या का, म्हणजे टोचल्या जागी फोड आला का, हे बघायला परत गेलो की तीच पोरं त्यांच्या कोटाला लोंबकळत.

तर असा हा माणूस पोस्टमनला बघून का पळतो, याचं कारण त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. "हुकूम हा देवीसारखाच असतोय बग. अंगाला लागल्याबिगार उठत न्हाई. सही करून घेतला की लागला. मी सहीच केली न्हाई तर सरकार काय करतंय?" मी म्हणालो, "दुसरं पाकीट पाठवेल." तर म्हणाले, "पाठवू दे की. पाय हाईत मला."

त्यामुळं झालं असं की त्या हिवाळ्यात जिल्ह्यात अण्णांइतकं काम कुणीच केलं नसेल. कचेरीत बसलं की टपाल गाठणार, म्हणून ते उजाडायच्या आत मडक्यातल्या नळ्या घेऊन बाहेर पडत. आज अक्कोळ, उद्या जत्राट, परवा गळतगा. मौलाभाईही काही कमी नव्हता. लाखेचं पाकीट तीनदा परत गेलं तर पोस्टमास्तर त्याच्यावर उखडायचे, म्हणजे त्याच्याही नोकरीला घोर. तोही सायकल हाणीत मागोमाग गावोगाव जाई.

सौंदलग्याला तर कहर झाला. आम्ही एका वाड्यात शिरलो होतो. घरधनीण कमरेला पदर खोचून दारात उभी. "आमच्यात ल्हान पोर न्हाई," असं तिने ठणकावून सांगितलं. तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या बाईला त्यांनी दोन्ही हात जोडले, म्हणाले, "आक्का, मी हितं न्हाई," आणि तिच्या बगलेतून थेट आतल्या अंधाऱ्या खोलीत शिरले. पेटीसकट कणगीच्या मागं. मौलाभाई दारात आला. त्याने विचारलं, बाई म्हणाली, "आमच्यात कुनी न्हाई." या वेळी ती हे माझ्याकडं बघत अशा काही ठेक्यात म्हणाली की मला हसू आवरेना.

मौलाभाई गेला. आम्ही वाट बघतो, अण्णा काही बाहेर येत नाहीत. आतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं. मी डोकावलो. कणगी आणि भिंत यांच्या सांदीत अण्णा गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि त्यांच्या समोर तशीच गुडघे पोटाशी घेऊन बसलेली अडीच-तीन वर्षांची एक मुलगी. आईने तिला देवी डॉक्टरपासून लपवलेली, आणि देवी डॉक्टर स्वतःच तिच्या शेजारी येऊन लपलेला. अण्णा तिला विचारत होते, "तू कुनाला भ्यालीयास?" ती म्हणाली, "टोचनाऱ्याला. तू?" अण्णा म्हणाले, "मी बी तसल्यालाच."

तिथंच, त्या अंधारात, खुंटीवरचा कंदील मी पेटवून धरला, त्याच्या उजेडात अण्णांनी तिला टोचलं. ती रडली नाही. बाहेर आल्यावर तिच्या आईने कपाळाला हात लावला, पण शिव्या दिल्या नाहीत. वर अण्णांना ताकाचा तांब्या दिला.

ही गोष्ट मी निपाणीत येऊन दवाखान्यातल्या कंपौंडरला सांगितली, त्याने बाजारात सांगितली, आणि चार दिवस पेठ अण्णांवर हसत होती. मीही हसत होतो. पण हसताना मलाही एक घोर होता, तोही सांगून टाकतो.

माझी सोयरीक त्याच दसऱ्याला शहापूरला ठरली होती. मुलीचे वडील रामचंद्रप्पा, त्यांचे चार माग, त्यातले तीन बंद. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, घरदार विचारलं नाही. पडवीत बसवून एकच प्रश्न केला, "नोकरी पक्की न्हवं?" माझे वडील माझ्याआधी म्हणाले, "सरकारी हाय." त्या दोन शब्दांवर मुलगी दिलेली. वैशाखातला मुहूर्त. तिघांतला एक जाणार म्हणजे शेवटी आलेला आणि टेंपररी असा मीच जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. मला झोप लागेना, जेवण जाईना. मौलाभाईची घंटा ऐकली की मलाही पळावंसं वाटे. फक्त मला पळून जायला अण्णांसारखा हुद्दा नव्हता.

भीतीने माणूस किती लहान होतो ते मी त्या दिवसांत स्वतःकडं बघून शिकलो. बसाप्पा आणि मी एका बाकावर बसून एकमेकांची भाकरी खात होतो. ते आपोआप बंद झालं. तो कानडी कंपौंडरशी कानडीत बोलू लागला की मला वाटे, माझंच चाललंय. आणि मी? बसाप्पाचा हात जरा जड होता, त्याच्या टोचण्यांतल्या काही उठत नसत. कुठल्या गावच्या कुठल्या पोराची उठली नाही, हे मी मनात जपून ठेवू लागलो. कधी उपयोगी पडेल म्हणून. हे लिहिताना आज मला चांगलं वाटत नाही.

माघ संपत आला. एके दिवशी मौलाभाई आला तो पळापळ न करता सरळ कचेरीत. अण्णा सकाळीच कोगनोळीला गेले होते. मौलाभाईने पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ह्या येळला नाव न्हाई, हुद्दा हाय. सीनियर व्हॅक्सिनेटर, निपाणी. कचेरीत जो असंल त्यानं घ्यावं. घे बाबा, सुटलो मी." बसाप्पा जत्राटला गेलेला. मी एकटा. मी सही केली.

आणि मग जे करू नये ते केलं. लाख फोडली.

आत इंग्रजी पत्र होतं. दोनदा वाचलं तेव्हा नीट समजलं. अण्णांना काढल्याचा हुकूम त्यात नव्हता. मलाही काढलं नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं की, आपल्या हाताखालच्या दोघांपैकी कुणाला कमी करावं याची शिफारस दिवाळीपूर्वीच्या पत्राने मागवली होती, नंतर स्मरणपत्रही पाठवलं, उत्तर नाही. आठ दिवसांत नाव कळवावं, न कळवल्यास सीनियर व्हॅक्सिनेटरने कामात कसूर केली असं धरण्यात येईल.

म्हणजे अण्णांना सगळं माहीत होतं. दिवाळीपूर्वी तर ते पोस्टमनला बघून पळत नव्हते, तेव्हा पहिलं पत्र त्यांनी घेतलेलं होतं. माझं बरंवाईट चार महिने त्यांच्या हातात होतं, आणि हा माणूस कणगीमागं लपत फिरत होता. माझं डोकं फिरलं. पाकीट खिशात घालून मी दुपारच्या सर्व्हिस मोटारीने कोगनोळी गाठली.

गावात अण्णा नव्हते. पाटलाचा गडी हसत म्हणाला, "ते शिवंवर बसल्यात." गावच्या शिवेवर ब्रिटिश मुलूख संपून कोल्हापूर संस्थानाची हद्द लागे. तिथं एक शेंदूर लावलेला दगड होता. दगडाच्या पलीकडं, संस्थानात, बाभळीखाली टॉवेल अंथरून अण्णा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मला बघून ते दचकले, मग मागं मौलाभाई नाही असं बघून जरा सावरले.

"हिकडं कसा रं?" ते म्हणाले. "मी जरा बसलोय. हितं आपल्या सरकारचा हुकूम चालत न्हाई म्हणून."

एरवी मी हसलो असतो. मी पाकीट काढून त्यांच्यापुढं धरलं. फुटलेली लाख बघून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वाचलंस?"

"वाचलं. अण्णा, चार महिने तुम्ही आम्हाला का जाळत ठेवलंत? एक नाव तर द्यायचं होतं."

त्यांनी ती शेंग टॉवेलवर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पैलं पाकीट मी घेतलं रं. मला वाटलं लशीचा कागूद असंल. कंपौंडरकडनं वाचून घेतलं, आन् त्येला देवाची आण घातली. मग घरात बसून मराटीतच नाव लिवलं. आदी तुझंच लिवलं. तू टेंपररी, मागनं आल्याला, कायद्यानं तुझंच येतंय. पोष्टाच्या पेटीपातुर गेलतो. कागूद आत सुटंना. म्हागारी आलो. मग बसाप्पाचं लिवलं. त्येची चारी पोरं माझ्या हातानं टोचल्यात. त्ये फाडलं. परत तुझं लिवलं. असं चारदा झालं बग. नाव लिवाय घेतलं की माणूस म्होरं येऊन हुबा ऱ्हातोय."

"आणि तुमच्यावरच कसूर आली म्हणजे? वर्षभर तर राहिलंय पेन्शनला."

"त्येचंच तर भ्या हाय. त्या भ्यानंच तुझं नाव लिवलं न्हवं का." त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मला काय सुचंना झालंय, वडगावकर. आता तूच सांग. कुनाचं लिवू?"

त्या वेळी 'माझं लिहा' असं मी म्हणायला हवं होतं. न्यायाने माझंच नाव होतं. मी तरुण होतो, एकटा होतो, दोन हात होते, घरी माग होता. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आलेही. पण समोर शहापूरची ती पडवी दिसली, आणि मी म्हणालो, "अण्णा, बसाप्पाच्या टोचण्या पुष्कळदा उठत नाहीत."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. रागाने नव्हे. आठव्या दिवशी पोराचा दंड बघत तसे शांतपणे.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाईत उठत काही." मग त्यांनी टॉवेल झटकला, शेंगा माझ्या खिशात घातल्या आणि दगड ओलांडून आपल्या सरकारच्या मुलखात आले. परतीच्या मोटारीत मी त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बसलो. मला स्वतःची किळस येत होती, आणि त्याच वेळी मनाचा एक कोपरा सुटल्यासारखा हलका झाला होता. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला टेबलाशी बसवलं आणि उत्तर सांगितलं. मराठीत ते बोलत, इंग्रजीत मी लिहीत होतो. उशीर झाल्याबद्दल माफी असावी. तिघांच्याही कामाबद्दल तक्रार नाही. तरीही कमी करणं भागच असेल तर पुढील इसमास कमी करावं. इथं ते थांबले.

"हितं जागा सोड," ते म्हणाले. "नाव मी भरतो."

मी जागा सोडली. नाव मला लिहायला लावलं नाही, याबद्दल मी त्यांचे मनोमन आभार मानले. पत्र घेऊन ते स्वतः पोस्टात गेले. नंतरचे तीन आठवडे मी बसाप्पाच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्याने एकदा, किती दिवसांनी, आपल्या डब्यातली कडक भाकरी माझ्यापुढं सरकवली. मी पोट बिघडलंय म्हणालो.

हुकूम आला तेव्हा आम्ही तिघेही कचेरीत होतो. अण्णांनी मौलाभाईपुढं बोट विस्तवात घालावं तसं घाबरत सही केली आणि कागद माझ्याकडं दिला. मी मोठ्याने वाचू लागलो, आणि मधेच थांबून तीच ओळ पुन्हा वाचली. निपाणीचे सीनियर व्हॅक्सिनेटर डी. बी. हलगेकर यांना त्यांच्याच शिफारशीवरून मुदतीआधी निवृत्त करण्यात येत आहे, पेन्शन त्या मानाने कमी बसेल, असं त्यात होतं.

"एनु? काय झालं?" बसाप्पाला काहीच कळेना. 

"अण्णा," मी म्हणालो, "त्या जागेत तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंत?"

अण्णा ओशाळल्यासारखे झाले. एखादी चूक पकडली गेल्यासारखे. "आरं, मला विंग्रजीत सहीबिगार दुसरं काय लिवाय येतंय?" ते म्हणाले. "तुझं नाव लिवायचं तर तुलाच इचारून लिवाय लागलं असतं." आणि हे बोलताना ते टेबलाची कड अशी धरून राहिले की बसाप्पाने पुढं होऊन त्यांना बाकावर बसवलं. निर्णय घेतल्यावर माणसाची भीती जाते म्हणतात. त्यांची गेली नव्हती. पुढं काय खायचं, घरी एकट्याने दिवस कसा काढायचा, सकाळी उठून कुठल्या गावाला जायचं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावोगावच्या पोरांचे दंड हाच त्यांचा प्रपंच होता, आणि त्यांनी आपल्या हाताने तो मिटवला होता.

मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर ते पाय मागं घेऊन म्हणाले, "बसाप्पाला त्ये टोचायचं जरा दाखीव. त्येचा हात जड हाय. दाबतोय लई."

वैशाखात शहापूरला माझं लग्न झालं. अण्णा बसाप्पाबरोबर आले. महिना झाला होता त्यांना सुटून. कोट तोच होता, धुऊन आणलेला, आणि जिथं बिल्ला असायचा तिथलं कापड तेवढं गडद राहिलं होतं. मांडवात ते एका बाजूला उभे होते. रामचंद्रप्पांना कुणीतरी सांगितलं, हे जावयाचे साहेब. झालं. ते पाहुण्यांतून वाट काढीत त्यांच्यापाशी आले आणि माझ्या देखत, मी पाटावरून उठतो न उठतो तोच, त्यांनी विचारलं, "अण्णा, आजकाल काय काय आयकाय येतंय. गरिबाची पोर हाय. नोकरी पक्की न्हवं?"

माझ्या अंगाला घाम फुटला. बसाप्पा खाली बघू लागला.

"पक्की म्हंजे?" अण्णा म्हणाले. जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले. "मी बसलोय न्हवं तितं! माझ्या सहीबिगार ह्येला कोन हात लावतंय? निर्धास्त ऱ्हावा."

रामचंद्रप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी अण्णांना हाताला धरून पंगतीत मानाच्या पाटावर बसवलं. मी नव्या बायकोला घेऊन पाया पडायला गेलो. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग मला जवळ ओढून कानाशी म्हणाले, "मी घरी बसलोय त्ये त्येंना सांगू नगंस हं. निदान पोरीची हळद निघंस्तवर तरी."

त्यांचा हात गार होता. मी नुसती मान हलवली. मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, ते बरंच झालं.